वास गेला, गॅस गेला

ज्वालामुखी जवळून बघायची हौस माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मला डोंगर आवडतो तो लांबून, खिडकीतून, आणि हातात गरम चहा असताना. हौस होती माझ्या नणंदेची.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. जन्मभर बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसली. कुठली गाडी कुठे लागते आणि का उशिरा आहे हे तिनं सगळ्या जगाला सांगितलं, स्वतः मात्र कुठल्या गाडीत बसली नाही. लग्न केलं नाही, आईमागे धाकट्या भावाला वाढवलं, आणि निवृत्त झाल्यावर पाठीला पिशवी अडकवून जी सुटली ती अजून थांबलेली नाही. तिचा सगळा कारभार स्वस्तातला. साधी गाडी, एका खोलीत सात-आठ खाटांचा मुक्काम, डब्यात उकडलेली अंडी, आणि मुख्य म्हणजे मोसम संपल्यावर जायचं. "मोसमात गेलं की माणसांच्या पाठी बघून परत यायचं," असं ती म्हणते. मोसम संपल्यावर गेलं की काय बघून परत यायचं, ते मला त्या डोंगरावर कळलं.

या खेपेला तिनं आम्हा दोघांनाही ओढलं. "बाळ्या, तू दुकानाबाहेर पडणार कधी? मेल्यावर?" एवढं म्हणाली आणि माझा नवरा विरघळला. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी ताईसाठी तो बाळ्याच.

नवऱ्याचा धंदा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. आमच्या भागात त्याला 'नाकवाले' म्हणतात. कुणाच्या घरी गॅस गळत असला की हा दारात थांबतो, डोळे मिटतो, एकच श्वास आत ओढतो आणि बोट दाखवतो. "नळी नाही, रेग्युलेटर." बाकीचे मिस्त्री साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघतात. हा म्हणतो, साबण आंघोळीला असतो. काम झालं की दारं-खिडक्या उघडून तसाच उभा राहतो, पुन्हा एक श्वास घेतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो. "वास गेला, गॅस गेला. टाका चहा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

मी दुकानात फोन घेते. गॅसच्या दुकानात फोन येतो तो घाबरलेल्या माणसाचाच. आम्ही मजेत आहोत, असं सांगायला कुणी फोन करत नाही. त्यामुळे मला कुठेही गेलं तरी आधी वाईटच दिसतं. नवरा त्याला स्वभाव म्हणतो, मी अनुभव म्हणते. घाबरलेल्या माणसाशी बोलायचा माझा एक वेगळा आवाज आहे, सपाट आणि चढा, त्यात विचारायला जागाच ठेवायची नाही. "कुठलंही बटण दाबू नका. काडी ओढू नका. दार उघडा. गॅस खाली बसतो, लहान मुलांना उचलून घ्या. सगळे बाहेर या." पोपटासारखं म्हणते. त्यातल्या एकेका शब्दावर विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस आडवा येत होता. लॉजच्या खिडकीची काच चौकटीत थरथरत होती. लॉजवाली बाई पायपुसणं पिळत म्हणाली, "आज वर कुणी जात नाही. वाटाडेसुद्धा खाली बसलेत."

खरंच, समोरच्या चहाच्या टपरीत वाटाडे पत्ते कुटत बसले होते. तिकिटाची खिडकी बंद होती आणि वाटेवर आडवा बांबू लावलेला होता. मला वाटलं, सुटलो. पण ताईचा चेहरा उजळला.

"म्हणजे तिकीट नाही!"

"ताई, कुणी जात नाही म्हणून तिकीट नाही."

"अगं, दुपारी परतीची गाडी आहे. एवढं लांब येऊन नुसता पायथा बघून जायचं? वाटेला पिवळे खांब लावलेत. खांब बघत वर, खांब बघत खाली. वाटाड्या त्यात काय वेगळं करणार?"

टपरीवाल्याकडे गंधकाच्या धुरासाठी भाड्यानं द्यायचे मास्क टांगलेले होते, काळे, रबरी, पुढे डबी असलेले. मी एक हातात घेतला. नवऱ्यानं तो काढून परत खिळ्याला अडकवला. "नाक बांधलं तर मला कळणार कसं? मी आहे ना. वास वाढला की मागे फिरू." टपरीवाल्यानं आमच्याकडे एकदा बघितलं, खांदे उडवले आणि किटलीकडे वळला. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. त्या नाकावर आमचं घर उभं होतं.

आम्ही बांबूखालून वाकून आत गेलो. ताईच्या अंगात बाजारातला सगळ्यात स्वस्त लाल रेनकोट होता, चालताना पिशवीसारखा कुरकुरणारा. पायाखाली काळी भुसभुशीत खडी होती, भट्टीतल्या राखेसारखी. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली यायचं. थोडं वर गेल्यावर झाडं संपली, मग झुडपं संपली, आणि मग फक्त काळं खाली आणि पांढरं वर. धुकं इतकं दाट की एका खांबापासून दुसरा जेमतेम दिसायचा. पुढचा दिसला की जीव भांड्यात पडायचा, तोवर मागचा दिसेनासा झालेला असायचा. वारा समोरून असा मारत होता की बोललेलं तोंडातच राहायचं.

वाटेत पहिल्यांदा वास आला तो नासक्या अंड्यांचा. नवरा थांबला, त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "ताई, तुझा डबा उघड. अंडी गेलीत."

"माझी अंडी कालची आहेत, मेल्या!" ताई ओरडली. मग दोघं भाऊबहीण वाऱ्यात वाकून वाकून हसले. ताईला हसता हसता खोकला आला, आणि खोकल्यानंतर तिच्या छातीतून बारीक शीळ वाजायला लागली. मी म्हटलं, चला परत. कुणी ऐकलं नाही. ऐकू गेलं नसेल असं मी तेव्हा धरून चालले. मला राग आला की मी गप्प होते, आणि गप्प झाले की भराभर चालते, त्यामुळे वर सगळ्यांत आधी मीच पोचले.

वर म्हणजे कुठे, हे मला पायांनी कळलं. चढ संपला. डोळ्यांपुढे काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. पण त्या पांढऱ्याच्या आत, खूप खाली, केवढ्यातरी मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत असल्यासारखा आवाज येत होता. डोंगराचं तोंड तिथे होतं आणि त्याची कड कुठे सुरू होते हे दिसत नव्हतं. एक पाऊल जास्त पडलं असतं तर ओरडायलाही वेळ मिळाला नसता. मी आहे तिथे दोन्ही पाय रोवून उभी राहिले. 

ताई आली, तिनं पांढऱ्यात बघितलं. "दिसत तर काहीच नाही," म्हणाली, एखाद्या लहान मुलीसारखी. तेवढ्यात वाऱ्याचा असा दणका आला की ती बसलीच. नवऱ्यानं तिला धरलं. मी मागे वळून बघितलं. मागचा पिवळा खांब नव्हता. म्हणजे असणार, पण दिसत नव्हता. कुठल्या बाजूनं आलो हेच मला सांगता येईना.  

"वारा जरा पडू दे!" नवरा माझ्या कानात ओरडला. "खाली बघ, आडोसा आहे!"

आम्ही उभे होतो त्याच्या खालच्या अंगाला एक खळगा होता, भिंतीसारख्या दगडांनी तीन बाजूंनी वेढलेला. पाऊस त्याच्या वरून निघून जात होता.

"आडोसा कशाला? खाली उतरायचंय मला! आत्ता!"

"खांब दिसत नाहीत! चुकून त्या बाजूला गेलो तर?"

"मग आलोच कशाला? सकाळी ती बाई बोंबलत होती! तुम्ही बहीणभाऊ, एक फुकट मिळतं म्हणून येणार आणि दुसरा तिला नाही म्हणता येत नाही म्हणून! आणि मी? माझं कोण ऐकतं?"

"अगं, ताईला दम लागलाय, तिला बसू दे तरी!"

"बसा! दोघं बसा! मी नाही येत!"

हे मी का बोलले ते मला माहीत आहे. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी भांडते. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, ताईला दंडाला धरलं आणि दोघं खळग्यात उतरले. मी वरच एका मोठ्या दगडाला मिठी मारून उभी राहिले. वारा अंगातून आरपार जात होता. डोळ्यांत पाणी होतं, ते वाऱ्याचं की रागाचं कोण जाणे. खाली धुक्यात ताईचा लाल रेनकोट दिसायचा, मिटायचा, पुन्हा दिसायचा. दोघं दगडाला टेकून बसले होते.

वास येतच होता. दगडावर, वाऱ्यात, मध्येच भपकन नाकात शिरायचा आणि मध्येच नाहीसा व्हायचा.

"येतोय का वास?" मी वरून विचारलं. भांडण चालू असलं तरी हे विचारायचं असतं.

"येतोय! चांगलाच येतोय! लक्ष आहे माझं!"

थोड्या वेळानं खालून पुन्हा त्याचा आवाज आला, जरा हुशारीतला. "कमी होतोय गं!"

मी उत्तर दिलं नाही. थोडं तरी ताणायला नको का?

मग तो म्हणाला, अगदी एखाद्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात म्हणावं तसं, "वास गेला, गॅस गेला! ये खाली, वारापण नाही इथे. छान आहे."

मी एक पाऊल उचललं होतं. राग किती वेळ धरणार, थंडीनं बोटं वाकेनात. पाऊल उचललं आणि त्याच वेळी वाऱ्याबरोबर तो वास माझ्या नाकात शिरला, नासका, घशाला खरवडणारा. आणि मी थांबले.

मला वास येत होता. आणि त्याला येत नव्हता.

लग्न झाल्यापासून असं एकदाही झालं नव्हतं. शेजारच्या घरात दूध करपलं तरी आधी तो सांगायचा, मग मला कळायचं. माझं नाक म्हणजे नावाला. मग मी इथे वर, उघड्यावर, वाऱ्यात उभी राहून वास घेतेय आणि नाकवाले खाली बसून सांगतायत वास गेला? वास गेला नव्हता. त्याचं नाक गेलं होतं.

आणि मग माझंच वाक्य माझ्या कानात वाजलं, दुकानातलं. गॅस खाली बसतो. दार उघडा. लहान मुलांना उचलून घ्या. तो खळगा म्हणजे दार-खिडकी नसलेली खोली होती. ज्या वाऱ्याला मी सकाळपासून शिव्या घालत होते, तो तिथे नव्हता. 

"ताई!" मी ओरडले. "ताई, उठा!"

लाल रेनकोट हलला नाही.

"झोप लागलीय तिला," नवरा म्हणाला. सावकाश, एकेक शब्द ओढत. "बसू दे. दमलीय."

खळग्याच्या कडेला गेल्यावर मला ताईचा चेहरा दिसला. मान खांद्यावर पडली होती आणि तोंड उघडं होतं. मी वाऱ्याकडे तोंड करून छाती फुटेस्तोवर श्वास भरून घेतला आणि खाली उतरले.

आत शांत होतं. त्या शांततेची मला अजून भीती वाटते. पाऊस नाही, वारा नाही, जणू कुणीतरी दार लावून घेतलंय. डोळे झोंबले, डोळ्यांतून धारा लागल्या. मी ताईच्या रेनकोटाची टोपी धरून ओढली आणि ती फाटून माझ्या हातात आली. स्वस्तातला रेनकोट! मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला श्वास सोडावा लागला असता. तिच्या पिशवीचे पट्टे धरले. ती अजून पाठीवर होती, बरं झालं, ताई पिशवी कधी उतरवत नाही. ओढलं. खडीवरून ती पोत्यासारखी सरकली. नवरा बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होता आणि मान हलवत होता, अगं कशाला, अशी. मी त्याला पायानं ढोसलं. तो उठला नाही. दुसऱ्यांदा ढोसायला माझ्याजवळ हवा नव्हती.

मी त्याला तिथेच सोडला. दोघांना एकदम ओढणं जमणारं नव्हतं, आणि ताईची मान पडली होती, त्याचे डोळे तरी उघडे होते. एवढाच हिशोब तेव्हा डोक्यात आला. ताईला वाऱ्यात आणून टाकलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. मी तोंड उघडून वारा खाल्ला, अक्षरशः खाल्ला, आणि वळून खाली बघितलं. नवऱ्यानं आता डोळे मिटले होते.

"अहो! उठा!"

काही नाही.

"अहो, तुमच्या पाया पडते, उठा!"

त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते मला न ऐकताच कळलं. वास नाही, असं म्हणत होता. बायको ओरडतेय म्हणून तो आयुष्यात कधी उठला नव्हता, आता कशाला उठेल? मग कुणाचं ऐकून उठतो हा माणूस? जेवत असला, तापानं फणफणलेला असला, तरी कशासाठी उठतो?

मी तो आवाज काढला. फोनवरचा.

"कॉल आहे," मी म्हणाले, सपाट, चढ्या आवाजात. "गळती आहे. माणूस आत आहे."

त्याचे डोळे उघडले.

"गळती आहे. सगळं घर भरलंय. लगेच निघा."

तो उठला. भिंत धरून, झोकांड्या खात, पण उठला. हातानं बाजूला चाचपत होता, हत्यारांची पिशवी शोधत. मग वळला तो उलट्या बाजूला, जिथे खळगा आणखी खोल होत होता. 

"दार इकडे आहे. माझ्या आवाजावर या. कुठलंही बटण दाबू नका. काडी ओढू नका. दार इकडे आहे. गॅस खाली बसतो. खाली बसू नका. दार उघडा. सगळे बाहेर या. सगळे बाहेर या."

मी थांबले नाही. थांबले असते तर तो थांबला असता, एवढं मला पक्कं कळत होतं. तो त्या आवाजामागे येत राहिला, एकेक पाऊल, पडला, उठला, आणि कडेपाशी पुन्हा पडला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि मागे अंग टाकून दिलं. आम्ही दोघं ताईच्या शेजारी आडवे झालो. वारा आमच्या अंगावरून घोंगावत गेला आणि मी त्याला म्हटलं, ये बाबा, ये.

ताई बराच वेळ हलली नाही. मी तिला कुशीवर वळवलं, पाठीत धपाटे घातले, गालावर मारलं, तिला नाही नाही ते बोलले. शेवटी तिच्या घशातून घरघर आली, ती ओकली आणि रडायला लागली. माणसाचं रडणं इतकं गोड लागतं हे मला माहीत नव्हतं.

खाली कसे आलो ते सांगण्यासारखं नाही. चढताना वारा तोंडावर होता म्हणून मी तो पाठीवर घेतला आणि दोघांचे हात धरून चालत राहिले. दर पावलाला वाटत होतं की हे पाऊल खडीवर नाही, हवेत पडणार. पहिला पिवळा खांब दिसला तेव्हा मी त्याला मिठी मारली आणि ती मिठी सोडवेना. अर्ध्या वाटेवर वाटाडे भेटले. लॉजवालीनं आमच्या खाटा रिकाम्या बघून टपरीत जाऊन आरडाओरडा केला होता. त्यांनी ताईला पाठीवर घेतलं.

दवाखान्यात दोघांना शेजारी-शेजारी ऑक्सिजन लावला. ताई संध्याकाळपर्यंत उठून बसली आणि परतीचं तिकीट फुकट गेलं म्हणून हळहळली. मग तिला छातीचा फोटो काढायला नेलं असताना डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून नवऱ्याच्या नाकाखाली धरला.

"कसला वास आहे सांगा."

नवऱ्यानं सवयीनं डोळे मिटले, श्वास आत ओढला आणि थांबला. पुन्हा ओढला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. डोंगरावर, मरणाच्या दारात, तो इतका घाबरलेला नव्हता.

"हा गंधकाचा गॅस जास्त झाला की आधी नाकच बधिर करतो. वास येईल हळूहळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहींना येतो. काहींना नाही येत. वाट बघायची."

घरी आल्यावर आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. ताईला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल म्हणून तिलाही नाही. नवऱ्यानं साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश पिशवीत घातला, माझ्याकडे न बघता. "आता वय झालं, दोनदा तपासलेलं बरं," असं गिऱ्हाइकांना सांगायला लागला. मी त्याच्याबरोबर जायला लागले, दुकान मागे बंद करून. "हिला काम शिकवतोय," तो म्हणायचा. तो दारात उभा राहून डोळे मिटायचा, आणि त्याच्या मागे उभी राहून वास घ्यायची मी. माझ्या त्या नावाला असलेल्या नाकानं. तो एकटा बाहेर पडला की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. फोन वाजला की वाटायचं, आता पलीकडून कोण बोलेल, काय सांगेल?

मग एके दिवशी सकाळी मी दुकानात फोनवर होते. आमचं स्वयंपाकघर दुकानाच्या मागेच आहे, मध्ये नुसता पडदा. पलीकडे एक बाई रडत होती, घरात गॅसचा वास येतोय, मुलं झोपलीत. नवरा आत दूध तापत ठेवून अंगणात वॉशर निवडत बसला होता, तो आत आल्याची चाहूल मला लागली.

"वास कधीपासून येतोय?" मी त्या बाईला विचारलं.

आणि विचारता विचारता मला वास आला. फोनमधून वास येत नाही. वास पडद्यामागून येत होता.

दूध उतू जाऊन बर्नर विझला होता, हे मला तिथे बसून दिसलं. आणि तो ओट्यापाशी उभा राहून काय करत असेल तेही दिसलं. ज्योत विझली आहे. वास तर नाही. म्हणजे गॅस नाही. मग लायटर उचलायचा.

लायटरचा टक असा आवाज आला.

आमचा लायटर जुना आहे, पहिल्या खेपेला कधीच ठिणगी देत नाही. नवीन आणा म्हणून मी वर्षभर त्याच्यामागे लागले होते.

माझ्या तोंडून तो आवाज निघाला. मी काढला नाही, निघाला. "बटण दाबू नका! काडी ओढू नका! गॅस खाली बसतो! दार उघडा! सगळे बाहेर या!"

दुसरा टक आला नाही.

मी फोन हातात तसाच घेऊन आत धावले. तो लायटर धरून पुतळ्यासारखा उभा होता. मी बर्नरचं बटण बंद केलं, मागचं दार सताड उघडलं, त्याच्या बोटांतून लायटर सोडवला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग जमिनीवर बसला.

"अगं, वास नव्हता," म्हणाला. "खरंच वास नव्हता गं."

"माहीत आहे," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि माझा आवाज अजून तोच होता, फोनवरचा. "उठा. खाली बसू नका."

मी हात पुढे केला. त्यानं तो धरला आणि उठला.

माझ्या दुसऱ्या हातातून बारीक आवाज येत होता. "हॅलो? हॅलो, बाई? ऐकू येतंय का? तुम्ही सांगितलंत तसं दार उघडलं. मुलांना उचलून आम्ही सगळे बाहेर आलोय. आता काय करू?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो डोळे पुसून हत्यारांची पिशवी शोधत होता.

"तिथेच थांबा," मी फोनवर म्हणाले. "आम्ही दोघं येतोय."